विमानतळ कोणाचा?

गावच्या देवळाची व्यवस्था आपल्या ओळखीची असते. जमीन इनामाची, पूजा गुरवाकडे, हिशेब पंचांकडे आणि सल्ला देण्याचा हक्क सगळ्या गावाचा. हीं चार कामें चार ठिकाणीं आहेत हें ठाऊक असलें, म्हणजे गाभाऱ्यांतील दिवा विझला असतां जाब कोणास विचारावा हें कळतें. सार्वजनिक विमानतळाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. तेथेंहि मालक एक, चालक दुसरा, परवाना देणारा तिसरा आणि सल्ला देणारा चौथा असूं शकतो. आणि हे चौघे ओळखतां न आल्यामुळें लोकांची तक्रार बहुधा भलत्याच दारावर जाऊन पडते.

परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यांत देवगाव फाटा म्हणून ठिकाण आहे. नांवाप्रमाणेंच तेथें रस्ते फुटतात. तेथून जालन्याच्या बाजूस निघालेल्या प्रवाशास पुढें छत्रपति संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ लागतो. परभणीवरून गेल्यास नांदेडचा श्री गुरु गोविंदसिंगजी विमानतळ. धांवपट्टी दोहोंकडे आहे, तिकिटाची खिडकीहि आहे. परंतु या दोन विमानतळांचें कूळ निराळें आहे.

चिकलठाण्याचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. १९९४ च्या कायद्यान्वयें आंतरराष्ट्रीय व देशांतर्गत विमानतळ सांभाळणाऱ्या दोन संस्था एक करून १ एप्रिल १९९५ रोजीं हें प्राधिकरण अस्तित्वांत आलें. तें केंद्र सरकारचें आहे. म्हणजे येथें मालक व चालक एकच.

नांदेडची कथा वेगळी आहे. २००८ सालीं गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्या निमित्तानें तेथील विमानतळाचें नूतनीकरण झालें. पुढच्याच वर्षीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) असे पांच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीस ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. ‘उडान’ योजनेचीं पहिलीं विमानें २७ एप्रिल २०१७ रोजीं सुटलीं, त्यांत नांदेड-हैदराबाद हें एक होतें. पुढें नांदेडची विमानसेवा खंडित झाली आणि २०२४ मध्यें ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळांत हैदराबादेस रुग्ण नेणाऱ्या कुटुंबानें प्रश्न कोणास विचारावयाचा होता? भाडेपट्टा देणाऱ्या महामंडळास, घेणाऱ्या कंपनीस, कीं विमान बंद करणाऱ्या विमानकंपनीस?

महाराष्ट्रांतील इतर नमुनेहि पाहण्यासारखे आहेत. शिर्डीचा विमानतळ राज्याच्या विमानतळ विकास कंपनीचा. नागपुरास याच कंपनीचे ५१ टक्के व प्राधिकरणाचे ४९ टक्के भाग घेऊन संयुक्त कंपनी उभी राहिली. मुंबईस २००६ पासून खाजगी पक्षाकडे ७४ टक्के, तर प्राधिकरणाकडे २६ टक्के भाग आले. मालकीचा प्रकार कोणताहि असो, परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचाच लागतो. मोठ्या विमानतळांचे आकार ठरविण्यासाठीं २००८ च्या कायद्यानें स्वतंत्र आर्थिक नियामक नेमला. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ३५ लाखांहून कमी प्रवासी असलेले विमानतळ सामान्यतः त्याच्या कक्षेंत येत नाहींत.

राहतां राहिला सल्ला. प्राधिकरणाच्या विमानतळांवर सल्लागार समिति असते आणि स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष असतात. ही समिति सूचना करते. तिला हुकूम काढतां येत नाहीं. यावर कोणी म्हणेल, धांवपट्टीची लांबी हात वर करून ठरवावयाची नसते. खरें आहे. तो तज्ज्ञांचाच विषय. परंतु विमानाची वेळ कोणती सोयीची, उतरलेल्या प्रवाशास परभणी-हिंगोलीची एस. टी. मिळते कीं नाहीं, सेवा थांबणार असल्यास लोकांना आधीं कळावें कीं नाहीं, हें जाणण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. तें ज्याला प्रवास करावयाचा, तोच चांगलें सांगूं शकतो.

म्हणून मला वाटतें तें एवढेंच. सार्वजनिक जमिनीवरचा विमानतळ कोणीहि चालवो, त्यास सल्लागार समिति असावी. तींत ज्यांच्या जिल्ह्यांतून विमान सुटत नाहीं, अशा शेजारच्या जिल्ह्यांचेहि लोक असावेत. बैठकीचें इतिवृत्त प्रसिद्ध व्हावें आणि प्रत्येक सूचनेस, मान्य असो वा अमान्य, कारणासह लेखी उत्तर मिळावें. सल्ल्याला अधिकार नसला तरी चालेल. पण त्याला उत्तर मिळालेंच पाहिजे. पंचाण्णव वर्षें म्हणजे तीन पिढ्या. सही करणारे आणि सही घेणारे दोघेहि निघून जातील, तेव्हांहि फाट्यावर प्रवासी उभा असेलच. कोणत्या दारीं दाद मागावी, एवढें तरी त्याला आज स्पष्ट सांगून ठेवणें आपल्या हातीं आहे.