व्हीशा : ब्याण्णव वर्षांचा विद्यार्थी-उत्सव आणि एक रात्र



अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एम्स हे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुलामीत जन्मलेला तो मुलगा १८९१ साली ज्या कृषी महाविद्यालयात दाखल झाला, त्या गावाची ओळख घराघरांत पोहोचली. तेच महाविद्यालय म्हणजे आजचे आयोवा स्टेट विद्यापीठ. कार्व्हर तेथून १८९६ मध्ये टस्कीगीला गेले. त्यानंतर पाव शतकाने, मे १९२२ मध्ये, त्याच आवारात विद्यार्थ्यांनी एक वसंतोत्सव आरंभिला. त्याचे नाव ‘व्हीशा’.

नाव विचित्र वाटेल, पण त्यात संघटनेचे एक तत्त्व दडलेले आहे. तत्पूर्वी अभियांत्रिकीचे विद्यार्थी सेंट पॅट्रिकचा दिवस साजरा करीत, कृषी शाखेचा मेळा वेगळा, गृहविज्ञानाच्या मुलींचा दिवस वेगळा. प्रत्येकाची चूल निराळी. पशुवैद्यक, अभियांत्रिकी, औद्योगिक विज्ञान, गृहविज्ञान आणि कृषी या पाच शाखांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध झाले. पाच उत्सवांचा एक उत्सव झाला. आपल्याकडे एका गल्लीतील दोन मंडळे एकत्र आणताना कार्यकर्त्यांना किती सायास पडतात, हे ठाऊक असणाऱ्यास यातील कर्तृत्व सांगावे लागणार नाही.

उत्सवाचा गाभा करमणूक नव्हता. प्रयोगशाळांची दारे उघडत. शेतकरी आपल्या मुलाबाळांसह येत आणि आपल्या करातून चालणाऱ्या विद्यापीठात काय घडते, ते डोळ्यांनी पाहत. रस्त्यावरून चित्ररथांची मिरवणूक निघे, रात्री विद्यार्थ्यांनीच बसविलेला संगीत-नाट्याचा प्रयोग होई, पुढे मोठ्या गायक-वादकांचे जलसेही होऊ लागले. गृहविज्ञानाच्या मुली चेरीचे छोटे ‘पाय’ भाजून विकत. हिशेब, परवाने, मंडप, स्वयंसेवक, हे सारे विद्यार्थ्यांच्या समित्या पाहत. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्या हाती एवढा कारभार सोपविणे हेच त्या उत्सवाचे खरे शिक्षण होते. आणि ते कोणत्याही वर्गात मिळण्यासारखे नव्हते.

मग बिघडले कोठे?

आवाराला लागूनच वेल्च ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तेथे दारूची दुकाने, मद्यालये, विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या. समितीची सत्ता आवाराच्या कडेपर्यंत; त्यापलीकडील गर्दी कोणाचीच नव्हती. १९८८ मध्ये तेथे पहिली मोठी दंगल झाली, मग १९९२ मध्ये, पुन्हा १९९४ मध्ये. १९९७ मध्ये उत्सवाच्या काळात एका तरुणाचा भोसकून खून झाला. तो विद्यापीठाचा विद्यार्थीही नव्हता. तेव्हा अध्यक्ष मार्टिन जिश्की यांनी विद्यार्थी-प्रतिनिधींपुढे सरळ पर्याय ठेवला : मद्याविना उत्सव, अन्यथा उत्सव नाही. विद्यार्थ्यांनी तो पत्करला आणि १९९८ चा उत्सव मद्यमुक्त झाला. ब्याण्णव वर्षांच्या या कथेत विद्यार्थ्यांची शान सर्वाधिक उंच झाली ती याच क्षणी. बंधन बाहेरून आले होते खरे, पण ते नाकारण्याचा मार्ग मोकळा असूनही त्यांनी ते अंगीकारले.

तरी व्याधी मुळातून गेली नाही. एप्रिल २००४ मध्ये आवाराबाहेरची एक मेजवानी पोलिसांनी थांबविली आणि पहाटेपर्यंत दंगल पेटली. २००५ चा उत्सव रद्द झाला. २००६ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, आठ वर्षे टिकला. ८ एप्रिल २०१४ च्या रात्री जमावाने मोटार उलथविली, दिव्यांचे खांब पाडले. त्यांपैकी एक अंगावर पडून एका विद्यार्थ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. तो मंगळवार होता. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन अध्यक्ष स्टीव्हन लीथ यांनी आठवड्याचे उरलेले सर्व कार्यक्रम थांबविले, आणि ऑगस्टमध्ये व्हीशा हे नावच कायमचे निवृत्त केले.

हा निर्णय योग्य होता काय? राबणारे हात वेगळे, मोटार उलथविणारे वेगळे. शिक्षा मात्र राबणाऱ्यांना झाली, हा आक्षेप खोटा नाही. परंतु चार-चार इशारे मिळूनही ज्या उत्सवाच्या नावावर जमाव जमतच राहतो, त्याचे नाव पुढच्या वर्षी पुन्हा फलकावर लावण्याची जबाबदारी कोणी घ्यावी? जखमी मुलाच्या आईवडिलांना समितीचे हिशेब दाखवून समाधान होणार नव्हते. अध्यक्षांनी नाव पुसले ते यासाठी की गर्दीला निमित्तच उरू नये. त्यातील दुःख हेच की गर्दीला कार्यक्रमाशी कधी कर्तव्य नव्हतेच. तिला केवळ तारीख हवी होती.

त्या वर्षीच्या शनिवारची मिरवणूक निघालीच नाही. चेरीच्या पायची विक्री तेवढी पुढेही वसंत ऋतूत चालू राहिली. ती विद्यार्थीच भाजत.