कणगीत हात घाला

(तलवाडा, ता. गेवराई येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



त्वरितादेवीच्या या गावात मी निरोपांविषयी बोलणार आहे. सातबारा काढायला, पीकविमा भरायला आपण सेवा केंद्रावर जातो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकून परत फिरतो. कधी सर्व्हर धडधाकट असतो, अडलेला असतो वाटेवरचा राउटर. राउटर म्हणजे चौकातला वाटाड्या. कोणती वाट चालू, कोणती बंद, हे निरोप राउटर एकमेकांना सतत देत असतात. हा निरोपच नासला तर?

२७ ऑक्टोबर १९८० रोजी तसं घडलं. आजच्या इंटरनेटचं मूळ असलेलं अमेरिकेतलं अर्पानेट काही तास ठप्प झालं. तिथे राउटरचं काम करणाऱ्या यंत्रांच्या प्रत्येक निरोपाला ० ते ६३ यांतला क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळात बारानंतर एक वाजतो तसं. अर्धी फेरी किंवा त्याहून कमी अंतरानं जो पुढे, तो निरोप नवा.

त्या दिवशी एकाच यंत्राच्या नावानं तीन क्रमांकांचे निरोप फिरू लागले. ते क्रमांक समोर उभ्या असलेल्या या तीन मुलांच्या पाट्यांवर बघा: ८, ४०, ४४. यंत्राच्या लिपीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळाला, ४० झाले. आणखी एक गळाला, ८ उरले. मोजा माझ्याबरोबर. ८ पासून ४० हा ३२ घरं पुढे, म्हणून नवा. ४० पासून ४४ चार घरं पुढे, म्हणून तो नवा. आणि ४४ वरून ६३ ला वळसा घातला की ८ हा २८ घरं पुढे, म्हणून तोही नवाच! तिघांत जुना कोणीच नाही. प्रत्येक यंत्र ‘नवा निरोप आला’ म्हणत शेजाऱ्याला देत राहिलं. या निरोपांचा मान पहिला, त्यामुळे बाकीचं काम थांबलं. हे निरोप ५० क्रमांकाच्या यंत्राचे होते. शेवटी ‘त्या यंत्राचे निरोप टाकून द्या’ अशी दुरुस्ती यंत्रायंत्रात घालावी लागली.

निरोप नासला तर कळावा म्हणून अर्पानेटच्या तारेवर तपासणी होती. निरोपासोबत आकड्यांची बेरीज जायची, ती जुळली नाही की निरोप बाद. पण हे १, म्हणजे बिट, गळाले यंत्राच्या आत, स्मृतीत, जिथे कोणी मोजत नव्हतं. मोंढ्यावरून पारखून आणलेली ज्वारी घरच्या कणगीत किडावी, तसं.

पुढच्या पिढीनं हा धडा घेतला. ओएसपीएफ ही राउटरांनी एकमेकांना वाटांचे निरोप देण्याची पद्धत. जॉन मॉय यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या तिच्या मानकात बेरीज निरोपाला कायम चिकटलेली असते. साठवलेल्या निरोपाचीही ती पुन्हा पुन्हा पडताळायची असते. तासाभरात ताजा न झालेला निरोप बाद होतो.

राउटर सांभाळण्याच्या कामात उतरणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. जोडणी अडली की लगेच राउटरची पेटी बंद-चालू करू नका, त्यानं पुरावा पुसला जातो. आधी दोन्ही टोकांचे चुकांचे आकडे लिहून घ्या. तारेवरच्या चुका वाढत असतील तर फायबरचं टोक साफ करा, केबल बदलून बघा. तार स्वच्छ आहे आणि निरोपाची बेरीज तरीही चुकते, तर दोष पेटीच्या पोटात शोधा, मग ती पेटी पलीकडची असो वा आपली.

धान्य घरात आलं की आपली आई निर्धास्त होत नाही. अधूनमधून कणगीत हात घालून मूठभर दाणे उजेडात बघते. राउटर सांभाळणाऱ्यानं तेच करायचं आहे.