मद्य आणि हृदय : एका सोयीस्कर समजुतीची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मद्यपानाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील सुधाकर उभा राहतो. संसाराची राखरांगोळी करणारा तो मद्यपी आपल्याला फार परिचित आहे. त्यामुळे जो गृहस्थ वेळेवर कचेरीत जातो, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देतो आणि रात्री घरीच बसून दोन पेले घेतो, त्याला आपण मद्यपी समजतच नाही. तोही स्वतःस तसे समजत नाही. उलट, "थोडी घेतली तर हृदयाला बरी," असे तो निर्धास्तपणे सांगतो. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या सभ्य गृहस्थाच्या समजुतीविषयी.

ही समजूत अगदीच निराधार जन्मली, असे म्हणता येणार नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियातील डॉ. आर्थर क्लाट्स्की आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले, की हृदयविकाराचा झटका आलेल्यांत मद्य मुळीच न घेणारांचे प्रमाण अपेक्षेहून अधिक आहे. पुढे १९९२ साली दोन फ्रेंच संशोधकांनी असे मांडले, की लोणी व चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी दिसतो, याचे एक कारण द्राक्षमद्य असावे. ही वार्ता जगभर पसरली. मनुष्याला जे हवेच असते, त्याला शास्त्राचा आधार मिळाला की तो दुसरा पुरावा मागत नाही.

परंतु 'न पिणारे' म्हणजे कोण? १९८८ साली ब्रिटनमधील डॉ. शेपर यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांना दिसले, की या वर्गात प्रकृती ढासळल्यामुळे मद्य सोडलेले पुष्कळ लोक आहेत. अशा आजारी माणसांशी तुलना केली, की बेताने पिणारा सुदृढ दिसणारच! शिवाय बेताने पिणारा बहुधा सुस्थितीतील, नियमित राहणीचा आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो. पुण्याई राहणीची, लौकिक मात्र पेल्याचा, असा हा प्रकार होय.

याची अधिक कसोशीने परीक्षा चीनमध्ये झाली. तेथील अनेकांच्या शरीरात जन्मतःच असा गुण असतो, की थोडे मद्य घेतले तरी चेहरा लाल होतो व जीव घाबरा होतो. साहजिकच ते कमी पितात. हा गुण श्रीमंती किंवा आजार पाहून येत नाही, म्हणून त्यावरून केलेली तुलना अधिक विश्वसनीय ठरते. पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून निघालेले हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मद्याचे प्रमाण वाढावे तसा पुरुषांत रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोकाही वाढत गेला. अल्प मद्याने पक्षाघात टळतो, हा समज टिकला नाही. आणि हृदयविकाराच्या झटक्याबाबतही स्पष्ट लाभ दिसला नाही. आपल्याकडील कारखान्यांतील पुरुषांची जी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तीतही मद्य घेणारांत हृदयविकार कमी नव्हे, तर काहीसा अधिकच आढळला.

अत्यल्प मद्याविषयी तज्ज्ञांतील वाद पूर्णपणे मिटला आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हृदयासाठी मद्य सुरू करा, असा सल्ला कोणतीही जबाबदार वैद्यकीय संस्था देत नाही. आणि जागतिक हृदय महासंघाने तर २०२२ साली, मद्याचे कोणतेही प्रमाण हृदयास हितकर नाही, असे स्पष्ट सांगितले आहे.

अपाय कसा होतो, तेही थोडक्यात पाहू. मद्याने रक्तदाब वाढतो. रक्तातील चरबीचा एक प्रकार वाढतो. वर्षानुवर्षे पुष्कळ घेतल्यास हृदयाचा स्नायू शिथिल होऊन हृदय फुगते आणि पायांवर सूज व धाप सुरू होते. चौथा अपाय ठोक्यांचा. १९७८ साली अमेरिकेतील डॉ. एटिंगर यांनी, सुटीच्या दिवशी अतिरेकाने पिणारांचे ठोके एकाएकी अनियमित होतात, असे नमूद करून या विकाराला 'सुटीतले हृदय' असे नाव दिले. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता थरथरू लागला, की तेथे रक्त साकळते आणि ती गाठ मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. उलट बाजूही आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात हा विकार असलेल्या १४० मद्य घेणारांपैकी निम्म्यांना मद्य वर्ज्य करण्यास सांगितले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सहा महिन्यांत पूर्ववत पिणाऱ्या गटात १०० पैकी ७३ जणांना विकार पुन्हा झाला; वर्ज्य करणाऱ्या गटात ५३ जणांना.

आता कर्तव्याचा विचार. आग्रह हे आपल्या पंक्तीचे भूषण आहे. पण तो जिलबीचा असावा, पेल्याचा नसावा. लग्नाच्या आदल्या रात्री तरुण मंडळी एकत्र जमतात, तेव्हा "नको" म्हणणाऱ्याची थट्टा होते. ती थांबविणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. डॉक्टरांपासून मद्याची गोष्ट लपवू नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर ही लपवालपवी जिवावर बेतू शकते. घरातील स्त्रियांनीही संकोच सोडून हे डॉक्टरांच्या कानी घालावे. मात्र जो रोज पुष्कळ पितो, त्याने एकाएकी स्वतःच्या मनाने सोडू नये. त्यामुळे झटके व भ्रम होऊ शकतात. त्याने वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे, आणि आपण त्याला दोष न देता साहाय्य करावे.

आपल्या राज्यात १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्यप्राशनास परवाना लागतो, आणि तो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो! कागदावरचे हे कारण कागदावरच राहू द्यावे. ज्याला प्यावयाचे असेल, त्याने निदान हृदयाचे नाव पुढे करू नये. आपल्या देशात हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात येतो. म्हणजे मुले शिकत असताना आणि घर एकाच्या मिळकतीवर चालत असताना. म्हणूनच ही गोष्ट एकट्याची नसून सर्व कुटुंबाची आहे.