पाऊल आणि गुडघेदुखी

जिना उतरतांना गुडघ्याच्या वाटीमागें कळ येऊं लागली कीं घरोघरीं पहिला उपचार ठरलेला असतो: तेल, शेक आणि घट्ट पट्टा. त्यानें तात्पुरता आराम पडतोही. परंतु पुष्कळांच्या बाबतींत हा प्रकार ‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ असाच ठरतो. गुडघा हा दोन शेजाऱ्यांच्या कात्रींत सांपडलेला सांधा आहे. वर खुबा सर्व बाजूंनीं फिरणारा. खालीं पाऊल २६ हाडांचें, अनेक सांध्यांनीं वळणारें. गुडघा मात्र मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा मिटतो व उघडतो. शेजाऱ्यांपैकीं कोणी वाजवीपेक्षां अधिक फिरला, कीं त्याचा पीळ मधल्या गुडघ्यानें सोसावयाचा.

टांच जमिनीला टेकतांच पावलाची कमान किंचित् खालीं बसते व पाऊल आंतल्या अंगास कलतें. हा दोष नव्हे. धक्का जिरविण्याची ती योजनाच आहे. मात्र घोट्याखालील सांध्याचा आंस तिरपा, जमिनीशीं सरासरीनें ४२ अंशांचा कोन करणारा आहे. त्यामुळें पाऊल कललें कीं नडगीचें हाडही आंत वळतें. उभें राहून दोन्ही कमानी मुद्दाम खालीं दाबाव्या. गुडघ्याच्या वाट्या एकमेकींकडे वळलेल्या दिसतील. पुढें पाऊल उचलण्यापूर्वीं कमान उभी राहून नडगी परत फिरावी लागते. ती वेळेवर न फिरल्यास मांडीचें हाड आणि नडगी यांचा मेळ बिघडतो, आणि वाटीचा दाब तिच्या खांचेच्या बाहेरच्या कडेवर अधिक पडूं शकतो.

हा दाब कांहीं थोडाथोडका नसतो. राइली आणि मार्टेन्स यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणें सपाटीवर चालतांना तो शरीराच्या वजनाच्या सुमारें अर्धा, जिना चढतांना तिपटीहून अधिक, आणि खोल बैठकींत सात-आठ पट होतो. सपाटीवर मुकाट असलेला गुडघा जिन्यावरच कां कुरकुरतो, हें यावरून कळेल.

पोटरी हीही एक दुर्लक्षित गुन्हेगार. ती आंखूड झाली कीं घोटा पुरेसा पुढें वांकत नाहीं, आणि ती उणीव पाऊल सपाट होऊन भरून काढतें. उकिडवें बसतांना ज्याच्या टांचा अधांतरीं राहतात, त्यानें तेलाची बाटली उघडण्यापूर्वीं पोटरी ताणून पाहावी. उंच टांचेच्या जोड्यांची गोष्ट निराळी: १९९८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेल्या प्रयोगांत २० निरोगी स्त्रियांच्या गुडघ्यांच्या आंतल्या बाजूवरील ताण अशा जोड्यांनीं सरासरी शेंकडा २३ वाढलेला आढळला.

तथापि सपाट पाऊल दिसलें कीं त्यालाच आरोपी ठरविणें, ही दुसऱ्या टोंकाची घाई होय. सपाट पावलें असून जन्मभर गुडघा न दुखलेले लोक असंख्य आहेत. मुलांच्या बाबतींत तर ही घाई विशेषच होते. लहानपणीं कमान उशिरां भरते. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या २३०० मुलांच्या पाहणींत जोडे घालणाऱ्यांपैकीं शेंकडा ८·६, तर अनवाणी वावरणाऱ्यांपैकीं शेंकडा २·८ मुलांचे तळवे सपाट होते. जोड्यांत घालावयाच्या घडीव गाद्यांनीं कांहीं रोग्यांना पहिल्या आठवड्यांत उतार पडतो; व्यायामाची जागा मात्र त्या घेत नाहींत.

वरचा शेजारीही तपासावा. आरशापुढें एका पायावर उभें राहून गुडघा थोडा वांकविला असतां तो आंगठ्याच्या आंत झुकत असेल, तर खुब्याच्या बाजूचे स्नायु दुबळे असण्याचा संभव असतो. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणें आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां सावकाश उठणें, हे व्यायाम कांहीं आठवडे नेमानें केले कीं फरक जाणवूं लागतो. स्थूल व संधिवात असलेल्या व्यक्तींत एक किलो वजन घटलें तर गुडघ्यावरील भार प्रत्येक पावलागणिक सुमारें चार किलोंनीं उतरतो, असें २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें.

खरें नुकसान होतें तें भीतीनें. पस्तिशींतल्या माणसाला कोणी ‘आतां वय झालें, झीज झाली’ म्हणून सांगतो. तो जिना टाळतो, फिरणें सोडतो, मांडी रोडावते आणि गुडघा अधिकच दुखतो. अशा माणसानें चालणें बंद न करतां बेताचें करावें. परंतु गुडघा सुजून गरम झाला, मध्येंच अडकला, ताप आला, किंवा पडल्यानंतर पायावर भार देववत नसेल, तर पावलाची चिकित्सा बाजूस ठेवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.