रक्तवाहिनीदाह : लक्षणांचा माग

जर्मनीतील फ्रायबुर्ग नगरातील आडोल्फ कुसमाउल आणि रुडोल्फ मायर या वैद्यांनी १८६६ साली एका २७ वर्षांच्या शिंप्याची हकीकत प्रसिद्ध केली. ताप, विलक्षण अशक्तपणा, स्नायूंची वेदना, बधिरता, पोटातील कळा आणि मूत्रपिंडाचा विकार, इतकी दुखणी त्या तरुणास एकाच वेळी जडली होती. त्यातच तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या धमन्यांवर ठिकठिकाणी गाठी आढळल्या, आणि या निरनिराळ्या दुखण्यांचे मूळ एकच असल्याचा उलगडा झाला.

या रोगसमूहास रक्तवाहिनीदाह म्हणतात. शरीराची संरक्षक शक्ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरच उलटते. भिंत सुजून मार्ग अरुंद होतो, किंवा ती दुबळी होऊन फुगते. प्रकार ओळखण्याची किल्ली वाहिनीच्या आकारात आहे. मुख्य कालवा बुजला तर गावेच्या गावे कोरडी पडतात. पाट बुजला तर एखादे शिवार सुकते. चारी फुटली तर पाणी शेतात पसरते. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेने १९९४ साली ठरविलेले आणि २०१२ साली सुधारलेले वर्गीकरण या आकारावरच आधारलेले आहे.

मोठ्या धमन्यांचा एक विकार बहुधा तरुण स्त्रियांना होतो. काम करताना दंड भरून येतो, मनगटावर नाडी लागत नाही, दोन्ही दंडांच्या रक्तदाबात मोठे अंतर पडते. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यांत त्याच्या खुणा पाहिल्या, म्हणून रोगास त्यांचे नाव पडले. भारतातही तो आढळतो. दुसरा विकार पन्नाशी उलटल्यावरचा. कानशिलात नव्यानेच ठणका लागतो, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावता चावता जबडा भरून येतो. अशा वेळी दृष्टी अकस्मात जाऊ शकते. म्हणून वैद्य धमनीच्या तुकड्याच्या तपासणीचा निर्णय येईपर्यंत न थांबता स्टेरॉइड सुरू करतात.

मध्यम धमन्यांचा दाह लहान मुलांत वेगळे रूप घेतो. ताप पाच दिवस हटत नाही, डोळे लाल होतात पण चिपडे धरत नाहीत, ओठ भेगाळतात, जीभ लालभडक होते, अंगावर पुरळ उठते, हातपाय सुजतात. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. येथे धोका हृदयाच्या धमन्यांना असतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास तो पुष्कळ कमी होतो.

सूक्ष्म वाहिन्यांचा दाह कातडीवर बोलतो. पायांवर उमटलेले जांभळे डाग दाबले तरी मावळत नाहीत आणि बोटांना किंचित उंच लागतात. मुलांत त्यांच्या जोडीला पोटदुखी व सांधेदुखी आली, तर हेनोख आणि शोनलाइन यांच्या नावाने ओळखला गेलेला प्रकार संभवतो. प्रौढाच्या नाकात सतत खपल्या धरून रक्त येते आणि पुढे खोकल्यातूनही रक्त पडते, तेव्हा संशय निराळ्या प्रकाराचा येतो. दम्याच्या रोग्याचे पाऊल एकाएकी उचलेनासे झाले आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी फार वाढल्या, तर चुर्ग आणि स्ट्रॉस यांनी १९५१ साली वर्णिलेला विकार आठवावा लागतो.

मात्र ही लक्षणे केवळ दिशा दाखवितात. जंतुसंसर्गात, औषधांच्या विकारात किंवा बिंबाणू घटल्यानेही डाग उमटतात. निर्णय तपासणीनेच होतो. मूत्रपिंड तर न दुखता बिघडते. म्हणून डाग दिसताच लघवीची तपासणी अगत्याची ठरते.

पुष्कळदा रोगी नाकासाठी एका वैद्याकडे, सांध्यांसाठी दुसऱ्याकडे, डागांसाठी तिसऱ्याकडे जातो आणि सगळी हकीकत कोणाच्याच कानी पडत नाही. ती क्रमवार, तारखांसह लिहून एकाच वैद्यापुढे ठेवणे रोग्याच्या हाती आहे. त्या शिंप्याच्या काळी रोगाचा माग मृत्यूनंतर लागला. आज तो वेळीच लागला, तर डोळा, मूत्रपिंड आणि जीवही वाचू शकतो.