सैनिकी तपास अधिकारी आणि कायद्याचे राज्य
(बुलढाणा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व पोलीस पाटील यांच्यासमोर दिलेले भाषण)



राजमाता जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा वारसा लाभलेल्या या जिल्ह्यात सैनिकाविषयीचा आदर कोणाला शिकवावा लागत नाही. सुटीवर आलेला जवान एस.टी.तून उतरला की सारे गाव त्याची विचारपूस करते. परंतु त्याच जवानावर उद्या एखाद्या गुन्ह्याचा आळ आला, तर गावाने काय करावे? ज्यांना हा प्रश्न नोकरीभर सोडवावा लागतो, त्या सैनिकी तपास अधिकाऱ्यांविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

भूसेनेत हे काम सैनिकी पोलीस दलाकडे आहे. लाल टोपी आणि पांढरा पट्टा ही त्याची ओळख. त्याचे प्रशिक्षण केंद्र बंगळूर येथे आहे. वाहतूक नियंत्रण, शिस्तपालन आणि गुन्ह्यांचा तपास ही त्याची कामे होत. दिनांक 8 मे 2021 रोजी याच केंद्रातून 83 महिला सैनिकांची पहिली तुकडी दलात दाखल झाली. या व्यवस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्यास प्रोव्होस्ट मार्शल म्हणतात. सेना अधिनियम, 1950 च्या कलम 107 अन्वये त्यास अपराध करणाऱ्या सैनिकाला अटक करता येते. मात्र स्वतःच्या अधिकारात कोणतीही शिक्षा देता येत नाही. पकडणारा हात आणि न्याय देणारा हात वेगळा ठेवण्यातच या पदाची प्रतिष्ठा आहे.

या पदावरील माणसाची कसोटी कशी लागते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. दिनांक 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जावयाचे आहे, असे सांगून त्यांनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली होती. घटनेनंतर ते नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल कमांडर सॅम्युएल यांच्याकडे गेले. समोर उभा असलेला माणूस आपल्याच दलातील, त्याच हुद्द्याचा आणि नावाजलेला अधिकारी होता. सॅम्युएल यांनी त्यांना लपविले नाही. नागरी पोलिसांचे उपायुक्त जॉन लोबो यांच्याकडे जाण्यास सांगितले. पुढे न्यायालयात साक्षीला उभे राहून, नानावटी आपल्याला काय म्हणाले तेही त्यांनी सांगितले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव नंतर मांडण्यात आला. पण त्या पहिल्या बोलण्यात अपघाताचा उल्लेख नव्हता.

पंचांनी आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना हा निर्णय पटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे 1960 मध्ये जन्मठेप झाली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 1964 मध्ये राज्यपालांनी क्षमा केली, ती गोष्ट निराळी. लोकमत गणवेशाच्या बाजूने होते. गणवेशातल्या साक्षीदाराने मात्र ऐकले तेवढेच सांगितले. त्यामुळे नौदलाचा मान कमी झाला असे कोण म्हणेल?

आता आपल्या गावाकडे वळू. सैनिकाला गावचा कायदा लागू नाही, हा समज चुकीचा आहे. भूसेना, नौदल किंवा हवाईदलाच्या कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीचा खून सैनिकाने केल्यास, तो सक्रिय सेवेत, भारताबाहेर किंवा विनिर्दिष्ट सीमाठाण्यावर असल्याखेरीज, खटला सर्वसाधारण फौजदारी न्यायालयातच चालतो. तसेच रजा संपूनही जवान परतला नाही आणि अशी गैरहजेरी 30 दिवसांची झाली, तर त्याच्या तुकडीत चौकशी मंडळ बसते. पळून गेलेल्या सैनिकाची लेखी खबर नागरी अधिकाऱ्यांकडे येते आणि त्याच्या शोधास साहाय्य करणे त्यांच्यावर बंधनकारक असते.

अशा वेळी "पोरगा आपला आहे, गप्प बसा" असे म्हणणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. जवान आजारी असेल, घरी कोणी अत्यवस्थ असेल, तर तसे तुकडीस वेळीच लेखी कळवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सल्ला घ्यावा. लपविलेला प्रत्येक दिवस त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. गुन्हा घडला असेल, तर पोलीस येईपर्यंत पोलीस पाटलांनी ती जागा कोणाला तुडवू देऊ नये. ज्याने जे पाहिले तेच त्याने सांगावे. ऐकीव गोष्टीची भर घालू नये. खोट्या तक्रारीतून जवानाला सोडविणारा पुरावाही याच काळजीने हाती लागत असतो, हे विसरू नये.

शिक्षक मित्रांनो, सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांकडून आपण धावण्याचा सराव करून घेता. त्याबरोबर खरे बोलण्याचाही सराव करून घ्या. आपल्या माणसाविषयी खरे बोलण्यास फार मोठे धैर्य लागते, आणि ते बालपणीच अंगी बाणवावे लागते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!