अनुदान शेताला, हिशेब स्वयंपाकघराचा



सरकार शेतीला एवढे अनुदान देते, तरी सुपेल्याच्या बाजारातून पिशवी भरून आणताना आपला खिसा का रिकामा होतो? आज भिलाईच्या खातेदारांशी याच प्रश्नावर बोलायचे आहे.

आधी आपल्या छत्तीसगडचे पाहू. २०२४-२५ च्या खरिपात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. राज्याने एकरी २१ क्विंटलपर्यंत शेतकऱ्याला ३,१०० रुपये दिले. वरचे ८०० रुपये राज्याच्या तिजोरीतले, म्हणजे शेवटी आपल्याच करातले. युरियाची ४५ किलोची गोणीही शेतकऱ्याला साधारण २६६ रुपयांतच मिळते.

या मदतीची कामे वेगवेगळी आहेत. खताच्या अनुदानाने पिकवण्याचा खर्च कमी होतो. हमीभावाने शेतकऱ्याला आधार मिळतो, पण भाव खाली येत नाही. ग्राहकाचे ताट थेट स्वस्त होते ते रेशनमुळे, आणि तेही मुख्यतः तांदूळ-गव्हापुरते.

भाजीचे तसे नाही. आपल्या दुर्ग जिल्ह्यात धमध्याकडे टोमॅटो भरपूर पिकतो, पण तो साठवून ठेवता येत नाही. पीक एकदम आले की भाव कोसळतो, पाऊस लांबला की चढतो. खाद्यतेल तर देशाला अर्ध्याहून जास्त बाहेरून आणावे लागते.

आता आकडे बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात खाद्यपदार्थ वर्षभरात १०.८७ टक्क्यांनी महागले होते, एकट्या भाज्या ४२ टक्क्यांनी. पुढच्या जूनमध्ये हाच खाद्यपदार्थांचा दर शून्याच्या खाली गेला. युरियाची गोणी मात्र दोन्ही वेळी त्याच भावाची होती. म्हणजे अनुदान तांदळाला टेकू देते. भाजीची उडी थांबवणे त्याच्या हातात नाही.

याचा आपल्या बचतीशी काय संबंध? समजा, तुम्ही १०,००० रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवलेत. वर्षाने १०,७०० झाले. पण १०,००० रुपयांचा किराणा-भाजीपाला त्याच १०.८७ टक्क्यांनी वाढला, तर ११,०८७ रुपये लागतील. व्याज मिळूनही ३८७ रुपये कमीच पडले.

म्हणून तीन गोष्टी करा. स्वयंपाकघराचा खर्च महिन्याच्या महिन्याला वहीत लिहा. भाजी स्वस्त असेल त्या महिन्यांत वाचलेले पैसे खर्चून टाकू नका, बचत खात्यात वेगळे ठेवा. महागाईच्या महिन्यांत तेच उपयोगी पडतील, मुदत ठेव मोडावी लागणार नाही. आणि ठेवीचा व्याजदर बघताना आपल्या घरचा खर्च किती टक्क्यांनी वाढला, तेही शेजारी लिहून बघा.

अनुदान किती द्यायचे हे सरकार ठरवील. घरची वही मात्र तुमच्या हातात आहे. या महिन्यापासूनच सुरू करा.